जाड आणि तिरके अक्षर



सातवीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने छापील अक्षराच्या वळणावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. संघटनेचा माणूस फार तर मजुरीवर बोलेल, बोनसवर बोलेल, अशी आपली समजूत असते. ती समजूत मी अगदीच खोटी पाडणार नाही. बोनसवर मी बोलणार आहे. पण त्याआधी अक्षराकडे थोडे पाहू. सुताराचा जसा रंधा, तसा संघटनेच्या माणसाचा कागद. पत्रक, पावती, नोटीस, मागणीपत्र, करारनामा यांवर आमचे सारे काम चालते. रंध्याचे पाते कसे लागते हे सुताराला ठाऊक असावे लागते. त्याच न्यायाने कागदावरचे अक्षर कसे लागते, कुठे लागते, हे आम्हालाही शिकावे लागले. मला ते शिकवले ते तालुक्याच्या एका छापखान्यातल्या वृद्ध जुळाऱ्याने. ट्रेडल मशीनशेजारच्या बाकावर पत्रकाच्या प्रुफाची वाट पाहताना मी त्यांना जे विचारले आणि पुढे पुस्तकांतून जे मिळवले, त्यातले थोडेसे आपल्यापुढे ठेवतो.

आजचा विषय एकाच जातीच्या अक्षराचा आहे. इंग्रजी छपाईत ज्याला बोल्ड इटॅलिक म्हणतात, म्हणजे जाडही आणि तिरकेही, आणि त्यातून ज्याच्या रेघांच्या टोकांना बारीक पाय फुटलेले असतात, ते सेरिफचे अक्षर. कुठल्याही इंग्रजी वर्तमानपत्रात, शब्दकोशात किंवा औषधाच्या खोक्यावर ते आपल्याला भेटते. आता मराठीतही ते सर्रास दिसते. लग्नपत्रिकेत दिसते, निवडणुकीच्या पत्रकात दिसते, दुकानाच्या पाटीवर दिसते आणि कारखान्याच्या फाटकावरच्या नोटिशीतही दिसते.

या अक्षराचे दोन गुण आहेत आणि ते दोन्ही एका दिवशी जन्मलेले नाहीत. तिरकेपणा जुना. व्हेनिस शहरात आल्डुस मानुटियुस नावाचा मुद्रक होता. त्याने १५०१ साली व्हर्जिल या लॅटिन कवीचे काव्य लहान आकाराच्या पुस्तकात छापले. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने नवे ठसे कोरले. त्या काळच्या इटलीतले शिकलेले लोक आणि कचेऱ्यांतले कारकून जे भरभर, किंचित कलते अक्षर लिहीत, त्याचा तो नमुना होता. तेव्हा हे तिरके अक्षर एखादा शब्द उचलून दाखवण्यासाठी नव्हते. अख्खे पुस्तकच त्यात छापले होते. सरळ अक्षराच्या सोबतीला एखाद्या शब्दापुरते ते वापरण्याची चाल पुढे पडली. तिरके अक्षर हाताच्या लिहिण्यातून आले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. म्हणूनच खरे इटॅलिक म्हणजे सरळ अक्षराला दिलेला नुसता धक्का नव्हे. त्याची घडणच वेगळी असते. ते अरुंद असते, त्याच्या रेघेला आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची लहानशी कमान असते, आणि सरळ अक्षराच्या पायाच्या जागी बहुधा लेखणी उचलताना पडणारा हलका फराटा असतो.

जाडपणा पुष्कळ नंतरचा, आणि तो बाजारातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जाहिरातींच्या भिंतीपत्रकांसाठी लठ्ठ टाइप निघाले. पण मजकुराच्या ओळीत ते शोभत नसत. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फौंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ नावाचा जाड टाइप नोंदवला. ठसे कोरणारा कारागीर होता बेंजामिन फॉक्स. साध्या मजकुराच्या ओळीत एखादाच शब्द काळा करून उठवायचा, हे त्या टाइपाचे काम. कायद्याने त्याला तीन वर्षांचे संरक्षण मिळाले आणि मुदत सरताच इतरांनी त्याच्या नकला केल्या. बाजाराला ज्याची गरज असते त्याची नक्कल व्हायला वेळ लागत नाही.

या दोघांच्या संगमातून जाड-तिरके अक्षर निघाले. सरळ, तिरके, जाड आणि जाड-तिरके असे चार भावंडांचे कुटुंब पुढे रूढ झाले. त्यात हे शेंडेफळ. ते घडवणे सर्वांत अवघड. जाड करायचे म्हणजे रेघेला मांस चढवायचे, तर तिरके करायचे म्हणजे अंग अरुंद करायचे. एकाच वेळी जाड आणि अरुंद झाले की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजते. हलक्या कागदावर शाई पसरली की ती उरलीसुरली जागाही जाते. म्हणून जाणता कारागीर उभ्या रेघा जाड करतो, पण जोडावरच्या बारीक रेघा बारीकच ठेवतो, आणि पोटाला श्वास घेण्यापुरती जागा सोडतो. असे नीट घडलेले अक्षर आवाजदार दिसते. सरळ जाड अक्षर फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखे ताठ उभे असते. जाड-तिरके अक्षर सभेत पुढे झुकून बोलणाऱ्या माणसासारखे असते. त्यात वजन असते आणि चालही असते. म्हणून ते शब्दकोशात पोटशब्दांना वापरतात, वर्तमानपत्रात उपमथळ्याला वापरतात, जाहिरातीत किमतीशेजारच्या एका शब्दाला वापरतात. गणित आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत सदिश राशींची चिन्हे जाड-तिरक्या अक्षरात छापण्याचा संकेत आहे. ज्या राशीला परिमाणही आहे आणि दिशाही आहे, तिच्यासाठी वजन आणि कल असलेले अक्षर, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या बाळबोध लिपीत हे अक्षर कसे बसते?

पहिली गोष्ट लेखणीची. रोमन अक्षरे ज्या टाकाने घडली, त्याची जाड रेघ वरच्या डाव्या बाजूने खालच्या उजव्या बाजूकडे उतरते. आपला बोरू उलटा कापलेला. त्याची जाड रेघ वरच्या उजव्या बाजूने खालच्या डाव्या बाजूकडे येते. आता वह्यांची उभी चवड घ्या आणि तिचा माथा हाताने उजवीकडे ढकला. यंत्राने अक्षर तिरके करणे म्हणजे एवढेच. अशा ढकलण्याने उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ ताणली जाते आणि बारीक होते. डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ आखडते आणि जाड होते. रोमन अक्षरात यामुळे जाड होती तीच रेघ आणखी जाड दिसते, बारीक ती आणखी बारीक. तिथे निदान जातीचा गुण तरी वाढतो. देवनागरीत नेमके उलटे होते. बोरूने जिथे जाडी दिली तिथे ती रोडावते आणि जिथे नाजूकपणा दिला तिथे सूज येते. तिरक्या मराठी मजकुराकडे पाहिले की काहीतरी बिनसले आहे असे वाटते, पण काय ते सांगता येत नाही. त्याचे मोठे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. काने, मात्रा, दंड सगळे कलले तरी शिरोरेषा आडवीच राहते. माणसे झुकली आणि वरचे आढे जागच्या जागी, असे ते चित्र. तिसरी गोष्ट जोडाक्षरांची. क, ब, व, म, भ यांच्या पोटातल्या गाठी आणि क्ष, ष्ट्र, द्ध्य यांच्यासारखी गर्दीची अक्षरे जाड करताच बुजतात. ‘राष्ट्र’ हा शब्द हलक्या कागदावर लहान, जाड आणि तिरक्या टाइपात छापून पाहावा. मधल्या अक्षराच्या जागी शाईचा डाग तेवढा उरतो.

चौथी गोष्ट पैशाची आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात इंग्रजी छपाईला खिळ्यांचे प्रकार मोजके पुरत. मराठीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो लागत. त्याच्या जोडीला जाड खिळ्यांचा दुसरा संच, तिरक्यांचा तिसरा आणि जाड-तिरक्यांचा चौथा ठेवणे तालुक्याच्या छापखान्याला कसे परवडणार? त्यातून तिरक्या अक्षराचा काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावतो आणि दाबाखाली तोच आधी तुटतो. आपल्या मात्रा तर सरळ टाइपातही अशाच बाहेर डोकावत. म्हणून आमच्या जुळाऱ्याकडे मजकुराचा एक टाइप, एक काळा टाइप आणि मथळ्यांचे दोनचार मोठे टाइप एवढीच दौलत होती. त्यांना शब्द उठवायचा झाला की ते काळा टाइप घेत, नाहीतर अवतरणचिन्हे घालत, नाहीतर खाली पितळी रूळ टाकत. अक्षरे विरळ करून शब्द उठवण्याची युक्ती युरोपात होती. आपल्याकडे तीही चालत नाही, कारण विरळ केले की शिरोरेषा तुटते.

या खिळ्यांमागे माणसे होती. जावजी दादाजी (१८३९ ते १८९२) हे नाव आपण ऐकले असेल. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात पोरवयात खिळे घासण्याच्या कामाला लागलेला हा मुलगा. त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फौंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या संस्कृत-मराठी ग्रंथांचे अक्षर इतके डौलदार की जाणकार आजही त्याचे नाव काढतात. पण ते ठसे कोरण्यात ज्यांचा हात होता त्या राणोजी रावजी आरू यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? छापलेल्या पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, छापखान्याचे असते. अक्षर ज्याने पोलादात कोरले त्याचे नसते. संघटनेच्या माणसाला हे खटकणारच.

मग प्रश्न येतो की आपल्याकडे तिरके, धावते अक्षर मुळात नव्हतेच काय? होते. ते म्हणजे मोडी. पानावर आधी शिरोरेषा ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता भरभर लिहीत जायचे, हा मोडीचा धर्म. इटलीतल्या कारकुनी अक्षराचे जे काम, तेच आपल्या दप्तरखान्यात मोडीने शतकानुशतके केले. तिचे खिळेही पडले होते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बाळबोध टाइपात निघाले आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला तो मोडी टाइपात. पण व्हेनिसला धावते अक्षर सरळ अक्षराच्या पंक्तीला येऊन बसले, तसे इथे झाले नाही. बाळबोध आणि मोडी या दोन वेगळ्या लिपी राहिल्या. बाळबोध ग्रंथाची आणि मोडी दप्तराची. एका ओळीत दोघी कधी नांदल्या नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतूनही गेली. आपल्या घरची धावती लेखणी आपण माळ्यावर टाकली आणि तिरकेपणा बाहेरून उसना आणला.

पण त्याहून खोल एक गोष्ट आहे. इंग्रजीला तिरक्या अक्षराची जेवढी गरज, तेवढी मराठीला आहे काय? मराठीत ‘च’ आहे. ‘मी जाईन’ आणि ‘मीच जाईन’, ‘आज द्या’ आणि ‘आजच द्या’ यांतला फरक आपण एका अक्षराने करतो. शिवाय ‘ही’ आहे, ‘तर’ आहे, ‘सुद्धा’ आहे. इंग्रजी लेखकाला जो जोर पुष्कळदा अक्षर वाकवून दाखवावा लागतो, तो आपल्या भाषेने शब्दाच्या शेपटीलाच बांधून ठेवला आहे. मोर्चातल्या अडाणी म्हाताऱ्यालाही ‘च’ कुठे लावायचा हे अचूक कळते. म्हणून मराठी मजकुरात जाड-तिरके अक्षर मिठासारखे वापरावे. जो जोर ‘च’ने येतो त्यासाठी ते खर्चू नये; जिथे नजरेला शब्द सापडायला हवा, तिथेच ते खर्चावे.

आता बोनसची गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी, आमच्या कामाच्या परिसरातल्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर दिवाळीच्या तोंडावर छापील नोटीस लागली. नाव मी घेत नाही, त्याची जरुरीही नाही. नोटिशीत वाक्य असे होते: दिवाळीपूर्वी सर्व कायम कामगारांना बोनस मिळेल. त्यातले ‘दिवाळीपूर्वी’ आणि ‘सर्व’ हे शब्द मोठ्या, जाड, तिरक्या अक्षरात होते, आणि ‘कायम’ हा शब्द बारीक. आमच्या कामगार बाया हंगामी. त्यांच्यात वाचणारी एक, ऐकणाऱ्या वीस. तिने नोटीस मोठ्याने वाचली. छापणाऱ्याने जिथे अक्षर जाड केले तिथे तिचा आवाज आपोआप चढला, जिथे बारीक केले तिथे तो उतरला. ‘सर्व’ सगळ्यांना ऐकू गेला. ‘कायम’ मागच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही. बाया आनंदाने घरी गेल्या. उधारीवर कापड आले, किराणा आला. दिवाळीच्या आधल्या दिवशी खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की तुमचे नाव यादीत नाही.

नोटिशीत खोटा असा एकही शब्द नव्हता. फसवणूक झाली ती अक्षराच्या जाडीतून. आणि गंमत अशी की १९६५ च्या बोनस कायद्यात कायम आणि हंगामी असा भेद पात्रतेला नव्हता. वर्षात किमान ३० दिवस काम केलेला कामगार त्यात पात्र धरला होता. आम्ही रातोरात पत्रक काढले. जुळाऱ्याने विचारले, यातला कोणता शब्द काळा करू? मी चारपाच शब्द सांगितले. ते म्हणाले, “साहेब, पाच माणसं एकदम ओरडली तर कुणाचंच ऐकू येत नाही. एक सांगा.” शेवटी अख्ख्या पत्रकात एकच शब्द काळा केला: तीस. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाई बोटांवर आपले दिवस मोजत होती. पुढे वाटाघाटी झाल्या. काहींना पैसे मिळाले, काहींना हजेरीचा पुरावा नसल्याने मिळाले नाहीत. पण आपले दिवस लिहून ठेवायची सवय त्या हंगामापासून लागली, ती टिकली.

तेव्हा जाड-तिरके अक्षर हे वाचणाऱ्याच्या आवाजाला दिलेला हुकूम आहे. आपल्या समाजात अजूनही पुष्कळ कागद एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात. म्हणून हा हुकूम कोण देतो आणि कोणत्या शब्दावर देतो, याची विचारपूस झाली पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याने एक चांगली गोष्ट लिहून ठेवली होती. त्याच्या १०८ व्या कलमात असे होते की कायद्याप्रमाणे लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी असाव्यात, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात. कायद्याने भाषेचा विचार केला, जागेचा केला, स्वच्छतेचाही केला. कोणता शब्द जाड असावा आणि कोणता बारीक, हे मात्र त्या कलमाने लिहिणाऱ्यावर सोडले. तिथे कायदा थांबतो आणि आपली जागरूकता सुरू होते.

आज शिशाचे खिळे गेले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, संगणकावर देवनागरी रुळली, र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने घडवलेला ‘मंगल’ घरोघरच्या संगणकांत गेला. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ काढला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने देवनागरी टाइप विनामूल्य उपलब्ध करून दिले. कमल शेडगे यांनी तर मराठी नाटकांची नावे हाताने अशी रेखली की अक्षर पाहून नाटकाचा स्वभाव कळावा. जाड आणि कलती देवनागरी देखणी होऊ शकते, याचा दाखला त्यांच्यासारख्यांच्या हाताने दिला. पण ते माणसाच्या हाताचे, विचाराचे काम. संगणकावर एक कळ दाबली की अक्षर फुगते, दुसरी दाबली की कलते. ज्या कुटुंबात खरे जाड-तिरके भावंड कोणी घडवलेलेच नसते, तिथे यंत्र सरळ अक्षरालाच फुगवून आणि ढकलून उभे करते. पूर्वी चार संच परवडत नव्हते म्हणून आपोआप संयम होता. आता कळ फुकट आहे, म्हणून संयम आपण ठेवायचा आहे.

तरुण मित्रांना तीन गोष्टी सांगतो. संघटनेच्या पत्रकापुरत्या नव्हे, ग्रामपंचायतीच्या सूचनेला, बचत गटाच्या वहीला, शाळेच्या फलकालाही त्या लागू आहेत. पहिली, एका कागदावर एकच शब्द किंवा एकच ओळ जाड करा. तो शब्द असा निवडा की ज्यावर वाचणाऱ्याचे पैसे, तारीख किंवा हक्क अवलंबून आहे. दुसरी, मजकूर लांब असेल तर तो जाड-तिरक्यात कधीही छापू नका. थकलेल्या डोळ्यांना आणि नवसाक्षराला सरळ, पोट मोकळे असलेले अक्षरच वाचवते. तिसरी, दुसऱ्याने छापलेला कागद हाती आला की जाड अक्षर आधी वाचू नका. जाड अक्षर आपण होऊन दिसतेच. आधी त्याच्या शेजारचा बारीक शब्द वाचा.

आणि जे चित्रकलेच्या, अक्षरलेखनाच्या शाळेत शिकताहेत त्यांना एक विनंती. बोरूचा उलटा काप आणि मोडीची धाव या दोन गोष्टी समोर ठेवून देवनागरीचे स्वतःचे जाड-तिरके अक्षर घडवा. उसन्या धक्क्याने वाकलेले नको. ते घडले तर आमच्या पत्रकातला तो एक शब्द अधिक देखणा दिसेल आणि मागच्या रांगेतल्या बाईपर्यंत नीट ऐकू जाईल. आणि त्या टाइपाबरोबर आपले नाव लिहायला विसरू नका. कारागिराचे नाव कागदावर आले पाहिजे, ही आमची जुनीच मागणी आहे.